सात वाट्यांचं डोहाळजेवण

वर्षाराणीबाईंच्या घरात प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा नियम झाला, आणि त्या दिवसापासून घरातली भांडणं बंद पडली. भांडायला तोंड मोकळं लागतं, ते इथं कुणाचंच नसायचं. आधी डोळे मिटून ताटाकडे दोन मिनिटं लक्ष द्यायचं. मिटल्या डोळ्यांनी ताट कसं दिसणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मग घास, मग बत्तीस आकडे, मग पुढचा घास. सोमवारी लाल जेवण, ते मूलाधार चक्रासाठी. मंगळवारी केशरी, बुधवारी पिवळं, गुरुवारी हिरवं. शुक्रवारी निळं, म्हणजे गोकर्णाच्या फुलांच्या पाण्यात शिजवलेला भात. शनिवारी जांभळं. रविवारी सातवं चक्र, त्या दिवशी नारळपाणी आणि कृतज्ञता.

निळा भात पहिल्यांदा पानात पडला तेव्हा त्यांचे यजमान आण्णा म्हणाले होते, ‘दौत सांडली काय गं?’ लाल रंगाच्या दिवशी तांबडा रस्सा का चालत नाही, हाही त्यांचा एक सवाल होता. दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तेव्हा त्यांनी वाद घालायचं सोडून दिलं. बुधवार-रविवारी तालमीत काम निघायला लागलं, आणि आण्णा ओठ पुसत, लवंग चघळत घरी यायला लागले. आण्णांना बाहेर पडायला दार होतं. सून निशिगंधाला ते नव्हतं, कारण निशिगंधा ही या सगळ्याचा पुरावा होती.

दोन वर्षांपूर्वी वर्षाराणीबाई कुठलंसं दहा दिवसांचं शिबिर करून आल्या आणि राजारामपुरीतल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी आहाराचा वर्ग काढला. सुरुवातीला शेजारच्या पाच बायका यायच्या. खोटं कशाला बोला, त्यांना गुण येत होता. सावकाश जेवायचं, तळलेलं सोडायचं, टीव्हीसमोर ताट घेऊन बसायचं नाही, एवढं केलं तरी कुणाच्याही पोटाला बरं वाटणारच. कुणाची ॲसिडिटी गेली, कुणाला झोप लागायला लागली. पण पोट साफ झालं म्हणून काही गावभर नाव होत नाही. ते झालं निशिगंधाला दिवस राहिले तेव्हा. सहा वर्षं ज्या घरात पाळणा हलला नव्हता तिथं सुनेला दिवस गेले, आणि वर्षाराणीबाईंनी वर्गात जाहीर केलं की स्वाधिष्ठान चक्र उघडलं, केशरी थाळीनं उघडलं. महिन्याभरात जिन्यावर चपला मावेनाशा झाल्या. दर महिन्याला निशिगंधाचा भोपळ्याशेजारी उभी करून फोटो निघायला लागला. भोपळा दर महिन्याला मोठा निवडायचा, ही वर्षाराणीबाईंचीच कल्पना.

खरी गोष्ट बेळगावला घडली होती.

उदयसिंह, निशिगंधाचा नवरा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवरचा सुपरवायझर. चांगला माणूस, घरात कधी आवाज न चढवणारा. पाहुण्यारावळ्यांनी निशिगंधाला बोलून बोलून हैराण केलं, त्याची आत्या बयाबाई तर तिच्या हातचं हळदीकुंकूही घेईना, तेव्हा तोच म्हणाला की बेळगावला जाऊ, तिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या केल्या. निशिगंधाचं सगळं चोख होतं. उदयसिंहानं स्वतःचा कागद दोनदा वाचला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि पँटच्या खिशात ठेवला.

नंतरचे चौदा महिने निशिगंधानं न्हाणीघरात कडी लावून स्वतःच्या पोटात इंजेक्शनं टोचून घेतली. दोष त्याचा असला तरी सुया तिलाच होत्या, कारण डॉक्टरीणबाईंचं सगळं काम तिच्याच शरीरात चालायचं. दोनदा जमलं नाही. तिसऱ्या खेपेला जमलं. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात उदयसिंहानं तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला आणि म्हणाला, ‘शपथ घे. कुणाला म्हंजे कुणाला सांगायचं न्हाय.’ तिनं घेतली. आनंदात माणूस काय वाटेल ते कबूल करतं. तिनं तर लेकराचीच शपथ घेतली.

आता सातवा महिना होता, आणि रविवारी घराच्या गच्चीवर डोहाळजेवण होतं. वर्गातल्या साठ बायका, सात रंगांच्या सात वाट्या, झोपाळा, माइक. शेवटी या घरची रीत होती: गर्भारणीच्या ओटीतला नारळ मूल नसलेल्या एका बाईच्या पदरात घालायचा. यंदा ती बाई वर्षाराणीबाईंनी स्वतः निवडली होती.

तिचं नाव सोनम कांबळे. चंदगड आगारात ती एसटीची कंडक्टर होती. सकाळच्या गाडीनं ती सगळ्यांच्या आधी येऊन पोचली आणि निशिगंधाच्या वेणीत गजरा माळायला तिच्या खोलीत आली. एकोणचाळीस वर्षांची, काटक, बोलायला मोकळी. लग्नाला बारा वर्षं झालेली.

‘ताई, आमच्या घरात असलं कोण मानत न्हाय,’ गजऱ्याची गाठ मारता मारता ती म्हणाली. ‘पंचशील म्हणायचं आणि डॉक्टरकडं जायचं, एवढंच. धम्मपाल तर म्हणतोय, भोपळा खाऊन पोरं झाली असती तर चंदगडात पाय ठेवायला जागा ऱ्हायली नसती.’ धम्मपाल म्हणजे तिचा नवरा, काजूच्या कारखान्यात कामाला. ‘मी म्हटलो, मी ऐकून मानत न्हाय, डोळ्यानं बघून मानतोय. तुमचं पोट माझ्या डोळ्यासमोर हाय की.’

निशिगंधाला आरशात स्वतःचं पोट दिसलं. हिरव्या साडीत ते जरा जास्तच मोठं दिसत होतं.

‘औषधं चालू हैत तुझी?’ तिनं विचारलं.

‘उद्यापासनं इंजेक्शनं सुरू व्हायची होती. डॉक्टर म्हटले, बिजं संपत आल्यात, ह्या महिन्यात करून बघू, पुढचं मी काय सांगू शकत न्हाय. पण वर्षाताई म्हणाल्या, औषधाची उष्णता पोटात असली की चक्र उघडत न्हाय. आज संकल्प करायचा. एकशे आठ दिवस औषधाचा थेंब घ्यायचा न्हाय. संध्याकाळी फोन करून दवाखान्यात सांगून टाकतो, येत न्हाय म्हणून.’

निशिगंधानं उठून दार लोटलं. एकशे आठ दिवस म्हणजे साडेतीन महिने, हा हिशेब तिनं तिथल्या तिथं केला. हिची बिजं संपतील, आणि का संपली असं कुणी विचारलं तर ही माझ्या पोटाकडे बोट दाखवेल.

‘सोनम, ऐक माझं. हे जेवणानं झालेलं न्हाय,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘मी चौदा महिने इंजेक्शनं घेतली. बेळगावला. तू उद्या जा आणि तुझी घे.’

सोनमनं तिच्याकडे टक लावून बघितलं. बारा वर्षं गाडीत माणसं बघितलेली बाई ती, कोण खोटं बोलतं हे तिला कळायचं, निदान तिला तसं वाटायचं.

‘फाईल दाखवा,’ ती म्हणाली.

फाईल फाउंड्रीत उदयसिंहाच्या लॉकरमध्ये होती. फाईलवर पहिलं नाव त्याचं होतं, पहिला कागदही त्याचा. निशिगंधा उगीचच साडीच्या निऱ्या नीट करायला लागली.

‘वर्षाताईंनी सांगितलंच होतं,’ सोनमचा आवाज एकदम कोरडा झाला. ‘नारळ द्यायची वेळ आली की गर्भारणीचं मन मागं सरतंय म्हणून. ज्याला मिळालंय त्याला वाटतंय, वाटलं तर आपलं कमी होईल. ताई, द्यायचा नसंल तर तोंडावर सांगा. पण औषधाचं खोटं नाव कशाला घेताय?’

गजरा नीट बसलाय का ते तिनं एकदा बघितलं, आणि ती बाहेर निघून गेली. निशिगंधाला रडू कोसळणार होतं, पण खाली दोन बायका हाका मारत होत्या आणि डोळ्यांतलं काजळ ओलं होतं. खरं सांगितल्यावर माणसं रागावतात, हे तिनं ऐकलं होतं. खरं सांगितल्यावर आपल्यालाच कंजूस ठरवतात, हे तिला नवीन होतं.

उदयसिंह जिन्यात भेटला. दोन्ही खांद्यांवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन तो वर चालला होता.

‘अहो, थांबा जरा. ती चंदगडची सोनम उद्यापासनं औषध बंद करायलीय. तुम्ही तिला एकटीला बाजूला घेऊन सांगा. माझं ऐकंना ती. तुमचं ऐकंल.’

‘काय सांगू?’

‘आपण बेळगावला गेलतो म्हणून. तेवढंच सांगा. बाकीचं नको.’

‘तेवढंच सांगितलं की बाकीचं कोणबी इचारतंय.’ त्यानं एका खांद्यावरच्या खुर्च्या खाली ठेवल्या. ‘तू शपथ घेतलीयास, निशी.’

‘ती बाई माझ्याकडं बघून औषध सोडायलीय.’

‘तो तिचा प्रश्न हाय.’ मग त्यालाच ते बरं वाटलं नसावं. तो खाली बघून म्हणाला, ‘भट्टीवर तीस माणसं हैत माझ्या हाताखाली. उद्या त्यातला एकजण तोंड दाबून हासला, तर मी उभा कसा ऱ्हाऊ तिथं? सांग की.’

तिला त्याची कीव आली. सहा वर्षं बायका तिच्याकडे बघून तोंड दाबून बोलत होत्या, तेव्हा ती कशी उभी राहिली हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, म्हणून रागही आला. तो खुर्च्या उचलून वर गेला.

राहता राहिल्या सासूबाई. त्या स्वयंपाकघरात एकट्याच सात वाट्या भरत बसल्या होत्या. बिटाची कोशिंबीर, भोपळ्याचा हलवा, मूगडाळीची खिचडी, मेथीची भाजी, निळा भात, वांग्याचं भरीत. सातवी वाटी रिकामी ठेवायची असते. चक्राला तिथं काही लागत नाही.

‘मम्मी, सोनमला औषध बंद करायला सांगू नका.’

‘तिचं दुसरं चक्र अनेक वर्षं बंद आहे, निशिगंधा. अशा वेळी शरीराला...’ वर्षाराणीबाई माइकवरच्या भाषेत सुरू झाल्या. माइक हातात आला की त्या पुण्याच्या व्हायच्या, आणि कधी कधी माइक नसतानाही. मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं, दारात कुणी नाही याची खात्री केली आणि हातातली पळी खाली ठेवली. ‘फ्रीजमधे गाजराच्या ट्रेखाली इंजेक्शनाची डबी ठेवतंय काय कोण? शहाणी हैस का जरा?’

निशिगंधानं ओट्याला हात टेकला.

‘तिथं गारवा पुरत न्हाय. मीच उचलून वरच्या कप्प्यात ठेवत होतो आणि तू उठायच्या आत परत खाली ठेवत होतो. पावसात लाईट गेलती चार तास, तवा थर्मासमधे घालून बसलोय मी.’

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘पयल्यापासनं. पँट धुवायला टाकताना खिसं कोण तपासतंय ह्या घरात? मीच की. चार घड्या घातलेला कागद सापडला. वाचलो, परत खिशात ठेवलो आणि पँट न धुता खुंटीला अडकवलो.’

‘मग ते भोपळ्याचं, चक्राचं, सगळं...’

‘चक्रं खरीच हैत,’ वर्षाराणीबाई ठामपणे म्हणाल्या. ‘पण तुझं मी मुद्दाम त्याच्यावर ढकललो. तुला दिवस गेले म्हटल्यावर बया आत्तीनं मला काय इचारलं ठाऊक हाय? सहा वरसं न्हवतं ते आता कुठनं आलं, म्हणाली. हासत हासत म्हणाली. मी म्हटलो, जेवणानं आलं. तवा तिचं तोंड बंद झालं. आता तू उठून औषधाचं सांग. पयला सवाल येणार, दोष कुणात होता. दुसरा येणार, मग पोर कुणाचं. तुझ्या लेकराला मरंस्तोवर पुरंल तो सवाल.’

‘आणि सोनमला?’

वर्षाराणीबाईंनी पळी उचलली आणि हलव्याची वाटी पुन्हा भरली. ती आधीच भरलेली होती. हलवा काठावरून ताटात सांडला, तो त्यांनी बोटानं पुसून घेतला.

‘तिला मी बोलवायला गेलो न्हवतो,’ त्या म्हणाल्या. ‘चल. बायका जमल्या.’

गच्चीवर मांडव घातला होता. निशिगंधाला झोपाळ्यावर बसवलं, कमरेला मोगऱ्याचा पट्टा बांधला, दंडाला, मनगटाला, गळ्याला फुलं बांधली. पट्टा आवळून बसला होता, पण तो सैल करायला हात मागे पोचत नव्हता. एकाच घरातली तीन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून दडवत होती आणि त्या तिघांचंही म्हणणं असं होतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. या सांभाळण्यातून उठून जायला जागाच उरली नव्हती. नवऱ्याला सोडवावं तर सोनम अडकते, सोनमला सोडवावं तर लेकरू अडकतं. आणि ती स्वतः कुठल्याही बाजूनं अडकलेलीच होती.

सोनम झोपाळ्याशेजारी पाटावर बसली होती. तिनं वर बघितलं नाही. पुढच्या रांगेत बयाबाई आत्या, खुर्ची भरून. उदयसिंह जिन्याच्या तोंडाशी, पत्रावळ्यांची चवड धरून.

‘मैत्रिणींनो,’ वर्षाराणीबाईंनी माइक हातात घेतला, ‘अन्न हे फक्त पोटात जात नाही. ते चक्रांत जातं. आज आपली निशिगंधा सात घास घेणार आहे. आपण सगळ्यांनी तिच्याबरोबर श्वास घ्यायचा आणि मोजायचं.’

पहिला घास बिटाचा. साठ बायकांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बालवाडीत पाढे म्हणतात तशी लय लागली होती. बत्तीस झाले, टाळ्या झाल्या. मग केशरी वाटी पुढे आली आणि सासूबाईंनी हलव्याचा घास तिच्या तोंडात घातला. पुन्हा एक, दोन, तीन. हलवा कधीच विरघळून गेला होता. तोंडात चावायला काही नव्हतं तरी ती जबडा हलवत होती, कारण आकडा अजून अकरावरच होता. या मोजणीत आपल्याला मध्येच तोंड उघडता येणार नाही, आणि ही मोजणी बाळंत झाल्यावरही थांबणार नाही, हे तिला त्या वेळी स्वच्छ कळलं. बारशाला मोजतील. पोर शाळेत जाईल तेव्हा वर्गातल्या बायकांपुढे त्याला उभं करून मोजतील. आणि तिकडे चंदगडच्या गाडीत तिकिटं फाडत ही बाई एकशे आठ दिवस मोजत राहील.

‘आता निशिगंधा स्वतःचा अनुभव सांगेल, आणि मग आपली सोनम संकल्प करेल,’ सातवी, रिकामी वाटीही मोजून झाल्यावर वर्षाराणीबाई म्हणाल्या. माइक तिच्या हातात देताना त्यांनी तो लगेच सोडला नाही. दोघींच्या हातात तो क्षणभर अडकून राहिला. मग त्यांनी बोटं काढून घेतली.

‘मला दिवस औषधांनी राहिले,’ निशिगंधा म्हणाली.

स्पीकरमधून तिचा आवाज गल्लीत गेला.

‘चौदा महिने बेळगावला जात होते. रोज पोटात इंजेक्शन घेत होते. दोनदा फुकट गेलं, तिसऱ्यांदा राहिलं. जेवणानं बरं वाटतं, झोप लागते, ते खरं आहे. पण मूल जेवणानं झालेलं नाही.’ इथं ती थांबली. पुढचा सवाल तिला समोरच्या रांगेत दिसत होता. बयाबाईंचे ओठ तर हललेच होते. जिन्याच्या तोंडाशी उदयसिंहानं पत्रावळ्या छातीशी धरल्या होत्या. पुढचं वाक्य तिनं ठरवलेलं नव्हतं. ‘दोष माझ्यात होता. ह्यांची तपासणी चोख होती.’

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सोनमनं पहिल्यांदाच मान वर केली.

वर्षाराणीबाईंचा चेहरा दोन क्षण पांढराफटक पडला. पण साठ बायकांचा वर्ग चालवणारी बाई ती. त्यांनी माइक घेतला आणि त्या हसल्या.

‘ऐकलंत? याला म्हणतात विशुद्ध चक्र. कंठातलं. सगळ्यांसमोर सत्य बोलायला बळ लागतं, ते अन्नातून येतं. डॉक्टरांनी बी पेरलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण जमीन कुणी तयार केली?’

कुणीतरी टाळी वाजवली, मग चार जणींनी, मग सगळ्यांनीच. निशिगंधाला वाटलं, इथंच आडवं व्हावं. जे बोलायला तिनं एवढं सोसलं, तेही सासूबाईंनी पाचव्या वाटीत वाढून टाकलं होतं.

टाळ्या थांबायच्या आत सोनम उठली. पन्नास माणसांच्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा तिचा आवाज, तिला माइक लागला नाही.

‘वर्षाताई, म्हंजे मी उद्याची इंजेक्शनं घ्यायची का न्हाय?’

‘सोनम, आपण आपल्या शरीराचं ऐकायचं असतं. शरीर सांगतं...’

‘ताई, शरीर काय सांगत न्हाय मला. सांगत असतं तर मी बारा वरसं हिंडलो नसतो. व्हय का न्हाय, एवढंच सांगा. मला दोनची गाडी गाठायची हाय.’

गच्चीवरच्या सगळ्या माना वर्षाराणीबाईंकडे वळल्या. त्यांनी सुनेकडे बघितलं. मग जिन्याकडे, मुलाकडे. माइकचं बटण त्यांनी बंद केलं, तरी बोटं बटणावरून निघेनात.

‘घे,’ त्या म्हणाल्या. ‘उद्याच्याला जा आणि घे. मला इचारत बसू नकोस.’

सोनमनं पर्स खांद्याला लावली. जाताना ती झोपाळ्यापाशी थांबली. निशिगंधानं ओटीतला नारळ उचलून पुढे केला. सोनमनं तो दोन्ही हातांनी घेतला, पिशवीत घातला आणि म्हणाली, ‘फाईल मागितलो, चुकलं माझं.’ मग ती उदयसिंहाच्या शेजारून वाट काढत जिना उतरून गेली.

निशिगंधानं लांब श्वास घेतला. एक बाई सुटली. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं तिला वाटलं, आणि खूप दिवसांनी तिला खरोखरची भूक लागली.

‘म्हंजे ह्या सहा वर्सांत आमी बोलत होतो त्ये काय खोटं न्हवतं की,’ बयाबाई आत्या खुर्चीतूनच म्हणाल्या. त्यांनाही माइक लागत नसे. ‘मी सांगत होतोच, पोरात खोट न्हाय आमच्या. हिच्यातच हाय. तवा मला वंगाळ ठरवलं सगळ्यांनी.’

दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. एकीनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. निशिगंधाकडे त्या पुन्हा तसंच बघायला लागल्या होत्या, जसं सहा वर्षं बघत होत्या. फक्त आता त्यात थोडी दया होती. वर्षाराणीबाई वाकून माइकची वायर गुंडाळत होत्या, वर बघत नव्हत्या.

‘व्हय रं उदय?’ आत्यांनी मान मागे वळवून विचारलं. ‘हिच्यातच दोष होता न्हवं?’

निशिगंधानं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं सगळं सांगावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. भट्टीवरची तीस माणसं तिला ठाऊक होती. आत्ती, गप बस की, एवढं त्यानं म्हटलं असतं तरी तिला चाललं असतं. नुसता पत्रावळ्या घेऊन खाली निघून गेला असता तरी चाललं असतं.

‘व्हय आत्ती,’ उदयसिंह म्हणाला.

तो नाही म्हणणार नाही, हे तिला माहीत होतं. इतक्या चटकन हो म्हणेल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं.